वाढत्या अंगाची सायकल

मस्कतजवळ सीबला आमच्या खोलीत सात महिने एक लहानशी सायकल उभी होती, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत. तिला पायडल नव्हतं, चेन नव्हती, ब्रेकही नव्हता. सात महिन्यांत तिच्यावर कोणी बसलं नाही. ज्याच्यासाठी ती घेतली होती तो माझा पुतण्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी होता, आणि जो ती घेऊन जाणार होता तो माझा दादा इथेच अडकला होता.

ती सायकल मी निवडली होती. म्हणून हे मीच लिहायला हवं, असं वाटतं. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

दादा मस्कतमध्ये एसी मेकॅनिक आहे. बाबा गेल्यावर तो इथे आला, तेव्हा मी चौथीत होतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मलाही आणलं, कॉलेजसाठी. त्याच्या अर्बाबची, म्हणजे कंपनीच्या मालकाची, एका कॉलेजात ओळख होती. आमच्या घरातल्या कुणीही माझ्याआधी कॉलेज आतून पाहिलेलं नाही. मी मेकॅनिकल घेतलं. दादा त्याच वर्षी कायमचा गावी परतणार होता, चिपळूणला दुरुस्तीचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. मी आलो, आणि तो म्हणाला, "तुझं होईपर्यंत थांबतो." एकदाच म्हणाला. त्यानंतर घरात कुणीही हा विषय काढलेला नाही.

मी इथे आलो त्याच वर्षी पुतण्या जन्मला. दादाने त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. महिन्याभराची सुट्टी होती. पहिले तीन आठवडे पोरगा दादाला बघून रडायचा, वहिनीच्या मानेत तोंड खुपसायचा. शेवटच्या आठवड्यात हळूहळू जवळ यायला लागला. निघायच्या आदल्या दिवशी दादाच्या खांद्यावर झोपला. दुसऱ्या दिवशी विमान. आता घरी मोबाइल वाजला की तो म्हणतो, "पप्पा वाजले." वहिनीने हे हसत सांगितलं होतं. दादाही हसला होता.

गेल्या फेब्रुवारीत दादा अल् खुवैरला एका इमारतीत एसीचे फिल्टर धुवायला गेला होता. तिथे खाली गाड्या लावायच्या जागेत त्याला एक लहान मुलगा दिसला. घरी आल्या आल्या, हातपाय न धुताच त्याने मला सांगायला सुरुवात केली.

"पायडल नाय रे त्याला! पायांनी ढकलत ढकलत येतो, आणि मग दोन्ही पाय वर. सुळकन जातो. आपल्या पोराएवढाच, दोन वर्षांचा असेल. तो शिकतो, तर आपला नाय शिकणार?"

"त्याला बॅलन्स बाइक म्हणतात," मी म्हणालो. मला नाव तेवढं माहीत होतं.

"बघ, तुला ठाऊक आहे. तुझं मेकॅनिकलच ना? मग तूच शोध. चांगली शोध. एप्रिलला जातोय मी. ह्या वेळी पहिल्या दिवसापासून पोरगा माझ्या मागे लागला पायजे."

मग थोड्या वेळाने, जेवताना, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तुला शिकवली तशी शिकवीन."

मला दादाने सायकल शिकवली होती. त्याच्याच मोठ्या सायकलवर, शाळेकडे जाणाऱ्या उतारावर. मागचं कॅरियर धरून तो माझ्यामागे धावायचा आणि ओरडायचा, "पुढे बघ, मी हाय!" एक दिवस मी मागे वळून बघितलं, तर तो लांब उभा होता, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत हसत. दादाबद्दलची माझी सगळ्यात पक्की आठवण तीच. त्यानंतर वर्षभरात तो इकडे आला.

तर मी शोधायला लागलो. कॉलेजच्या लायब्ररीत बसून चार दिवस मी त्या सायकलींबद्दल वाचलं. मला आधी वाटलं होतं, यात वाचण्यासारखं काय असणार? पण लाकडी, लोखंडी, प्लास्टिकच्या. हवेची टायर, फोमची टायर. फोमचं पंक्चर होत नाही, पण खडीवर घसरतं. हवेचं बरं, पण गावात पंप कुठे? एका आईने लिहिलं होतं, ब्रेक हवाच. दुसरीने लिहिलं होतं, ब्रेक असला तर मूल गोंधळतं. वजन जास्त असेल तर पडल्यावर उचलता येत नाही, वजन कमी असेल तर टिकत नाही. मी वहीत तक्ते केले. जितकं वाचलं तितकं कमी कळत गेलं. परीक्षेचा अभ्यास करताना मला निदान एवढं कळतं की कुठलं उत्तर बरोबर आहे हे कुणाला तरी माहीत असतं.

सगळ्यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं. वय बघू नका, पाय मोजा. मूल सीटवर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या पाहिजेत. नुसते चवडे टेकले तर मूल घाबरतं आणि मग त्या सायकलकडे फिरकत नाही.

आणखी एक गोष्ट जागोजागी लिहिलेली होती. ह्या सायकलीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मोठ्यांना मागे धावावं लागत नाही. मूल आपलं आपण शिकतं. पुढे पायडलची सायकल दिली तरी बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी, कुणी न धरता, चालवतात.

दादाला मी बाकीचं सगळं वाचून दाखवलं. हे नाही दाखवलं. का, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी माप घेण्यासाठी व्हिडिओ कॉल केला. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचं, दोन पायांच्या मध्ये एक वही आडवी वर सरकवायची आणि वहीपासून जमिनीपर्यंत मोजायचं, असं मी वहिनीला समजावलं. वहिनीने शिवणाची टेप आणली, वही आणली. फोन खुर्चीवर उभा केला होता. आम्हाला फक्त भिंत आणि चार पाय दिसत होते.

"उभा राहा बघू सोन्या, भिंतीला पाठ लाव. अहो भावजी, हा वहीवरच बसतोय!"

"वहिनी, वही थोडी सैल धरा."

"सैल धरली तर पळतोय. ए, इकडे ये! अहो, बघा ना तुमचा मुलगा."

"मी हितनं काय बघू?" दादा म्हणाला. "बिस्किट दे त्याला हातात."

मागून आईचा आवाज आला. "पोराला असं टेप लावून मोजू नये गो. नजर लागते. आणि पायडल नसलेली सायकल कोण घेतं? अर्धी मोडलेली वस्तू पैसे देऊन आणतात काय?"

बिस्किटावर काम झालं. तो दहा सेकंद उभा राहिला. साडेबारा इंच. वहिनीने टेप फोनसमोर धरून दाखवली. मी म्हणालो, पुन्हा एकदा घ्या. दुसऱ्यांदा बारा आले. तिसऱ्यांदा पावणेतेरा. मग पोरगा अंगणात पळाला आणि वहिनी म्हणाली, "साडेबाराच धरा."

दादाने माप कागदावर लिहिलं नाही. हत्यारांच्या पेटीतून तांब्याच्या पाइपचा एक उरलेला तुकडा काढला, एसीला गॅसची लाइन लागते तो, आणि कटरने गोल गोल फिरवून साडेबारा इंचावर कापला. टोक कानशीने घासलं. मग तो तुकडा जमिनीवर उभा धरून बराच वेळ बघत राहिला.

"एवढासा," तो म्हणाला.

तो पाइप घेऊन आम्ही दुकानात गेलो. मॉलमधलं मोठं दुकान, एका भिंतीला नुसत्या लहान मुलांच्या सायकली. शुक्रवारची संध्याकाळ असल्यामुळे गर्दी होती. लोक मुलांना उचलून सायकलींवर बसवत होते. एक ओमानी बाप आपल्या मुलाचा पांढरा डगला गुडघ्यापर्यंत वर धरून त्याला एका सायकलवर बसवत होता. आमच्याजवळ दुकानातला एक माणूस आला.

"भैया, बच्चा साथ में नहीं है? बिठा के देख लेते."

"बच्चा इंडिया में है," दादा म्हणाला.

"अच्छा," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष दादाच्या हातातल्या पाइपकडे गेलं. आम्हाला तिथेच सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

दादाला एक लाल लोखंडी सायकल आवडली. दणकट होती, हवेची टायर होती. मी पाइप तिच्या सीटजवळ उभा धरला. सीट सगळ्यात खाली केली तरी पाइपापेक्षा वरच राहत होती.

"मोठी आहे, दादा."

"जरा मोठीच बरी. वाढत्या अंगाची घ्यावी."

"कपड्यांचं तसं चालतं. हिचं नाही चालत. टाचा टेकल्या नाहीत तर तो घाबरेल."

"दोन बोटांचा फरक आहे रे. महिन्या-दोन महिन्यांत येईल की."

"पण तू एप्रिलला जातोयस ना? एप्रिलला त्याचा पाय एवढाच असणार. तू तिथे असशील तेव्हा त्याला चालवता यायला हवी ना?"

मी दुसरी दाखवली. लाकडी, अगदी लहान, हलकी, फोमच्या टायरची. तिची सीट ज्या दांडीवर होती त्या दांडीला तीन भोकं होती. बोल्ट काढून सीट एक एक भोक वर घेता यायची. खालच्या भोकात सीट ठेवली की पाइप तिच्यापेक्षा बरोबर एक बोट उंच राहत होता. पुस्तकात असावं तसं माप.

दादा लाल सायकलच्या हँडलवर हात ठेवून उभा होता. त्याने त्या ओमानी मुलाकडे बघितलं. "आपला एवढाच असेल ना?"

"दादा, मी वाचलंय," मी म्हणालो.

त्याने लगेच हात काढला. "बरं. तू शिकतोयस, तुला ठाऊक. तुझीच घेऊया."

तो वाद घालत बसला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

सायकल जोडायला दादाला पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक बोल्ट त्याने दोनदा आवळला. मग एका हाताने हँडल धरून तिला खोलीच्या फरशीवर इकडून तिकडे फिरवलं. फोमच्या चाकांचा अगदी बारीक आवाज येत होता. मी वहीतून मान वर केली, तर दादा सायकलच्या मागे वाकून चालत होता, एक हात सीटच्या मागे ठेवून. माझ्याकडे बघून तो सरळ झाला. "चाक बरोबर आहे," म्हणाला.

मार्चच्या शेवटी अर्बाबने त्याला बोलावलं. दादाबरोबरचा दुसरा मेकॅनिक अचानक नोकरी सोडून गेला होता, नव्या माणसाचा व्हिसा आला नव्हता, आणि उन्हाळा तोंडावर होता. इथे उन्हाळ्यात एसीवाल्याला सोडणं कुठल्याही कंपनीला परवडत नाही, हे दादालाही माहीत होतं. अर्बाब वाईट माणूस नाही. म्हणाला, नवा माणूस येऊ दे, मग जा, इन्शाल्ला. गणपतीच्या आधी नक्की.

दादाने घरी फोन केला. वहिनी म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "काळजी घ्या." मग पोरगा फोनवर आला आणि त्याने विचारलं, "सायकल?" त्याला वहिनीने सांगून ठेवलं होतं.

"आणतो," दादा म्हणाला. "ठेवलीय बघ." आणि फोन वळवून त्याने खिडकीजवळची सायकल दाखवली. पुढे प्रत्येक फोनवर हे सुरू झालं. पोरगा आधी सायकल बघायचा, मग दादाला.

मे महिन्यात एका शुक्रवारी दादा आपणहून वहिनीला म्हणाला, "पुन्हा माप घे." तेरा इंच. त्याने पाइपचा नवा तुकडा कापला आणि पहिल्याच्या शेजारी खिडकीत उभा केला. जूनमध्ये आणखी एक, जुलैत आणखी एक. त्या दिवशी सीट मधल्या भोकात चढवली. बोल्ट दादाने काढला, सीट मी धरली. बाहेर चाळीसच्या वर तापमान होतं. दादा सकाळपासून तीन गच्च्यांवर चढून आला होता आणि त्याच्या मानेवर घामोळं उठलं होतं.

"वाढतोय," तो म्हणाला. आवाजात अभिमान होता, आणि दुसरंही काहीतरी.

त्याच सुमारास मला माझे बूट आठवले. मी पाचवीत असताना दादाने इथून बूट घेऊन ठेवले होते, माझ्यासाठी, पांढरे, लाल पट्ट्यांचे. फोनवर मला पायाचं माप विचारलं होतं आणि मी दाराच्या चौकटीला टाच लावून मोजून सांगितलं होतं. तरी त्याने दोन नंबर मोठे घेतले. आईने मला हे सांगितलं, तेव्हा मला राग आला होता की एवढं नीट मोजून सांगून दादाला साधं माप कळत नाही. दादा येणार होता दिवाळीला. आला पुढच्या पावसाळ्यात. मी बूट घातले आणि ते मला बरोबर आले. अगदी बरोबर. तेव्हा मी एवढाच विचार केला होता की चला, बरं झालं.

इथे सीबच्या बाजारात कोकणातले लोक मुलांचे कपडे घेताना मी कितीदा तरी पाहिले आहेत. कुणी सांगतं, तीन वर्षांचा आहे, आणि हातात पाच वर्षांचा शर्ट असतो. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मला वाटायचं, यांना आपल्या मुलांचं मापच माहीत नाही.

ते मापाला आपल्या गावी जाण्याचा दिवस जोडत होते. तो दिवस कुणालाच माहीत नसतो, म्हणून दोन बोटं, चार बोटं सैल ठेवत होते. मी चार दिवस लायब्ररीत बसून जे वाचलं, त्यात हे कुठेच नव्हतं. आणि दादाला हे माहीत असूनही त्याने माझं ऐकलं, कारण मी म्हणालो होतो, मी वाचलंय.

हे मी दादाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. काय सांगणार होतो? माझं चुकलं म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, नाय रे, तुझं काय चुकलं. मग तेही ऐकावं लागलं असतं.

नवा माणूस ऑगस्टमध्ये आला. महिनाभर काम करून तो पाठीच्या दुखण्याने परत गेला. गणपती गेले. अर्बाब म्हणाला, दिवाळी, इन्शाल्ला. सप्टेंबरच्या शेवटी वहिनीने माप सांगितलं, सव्वाचौदा. खिडकीत पाचवा तुकडा उभा राहिला. सीट वरच्या, शेवटच्या भोकात गेली.

बोल्ट आवळून दादाने दांडीकडे बघितलं. "ह्याच्यावर आता काय नाय."

"नाही."

"किती दिवस चालेल अजून?"

"दोन महिने. फार तर अडीच. मग गुडघे वर येतील त्याचे."

त्याने मान हलवली. मनातल्या मनात दिवाळीपर्यंतचे दिवस मोजत असावा. मीही मोजत होतो.

त्याच आठवड्यात बाजारातले एक चाचा भेटले. आमच्याच तालुक्यातले, दाभोळ खाडीच्या काठचे, इथे त्यांचं कापडाचं दुकान आहे. ते पुढच्या बुधवारी गावी निघाले होते. दादाला म्हणाले, "काय पाठवायचं असेल तर दे. सामान कमी आहे माझं. पोराची सायकल घेऊन ठेवलीयस म्हणे? दे की ती. घरी पोचती करतो."

दादा म्हणाला, विचार करून सांगतो.

घरी येऊन तो सायकलसमोर जमिनीवर बसला. मी चहा केला. चहा निवला तरी त्याने घेतला नाही.

"काय करूया?" त्याने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतोय, तर तू मलाच विचारतोस? तू सांग. दिली तर तो उद्याच चालवायला लागेल. मी नसताना. ठेवली, आणि दिवाळीलाही नाय जमलं, तर ही फुकट. मग ना तिकडे, ना हिकडे."

ह्या प्रश्नाचा तक्ता होत नव्हता. पाठव म्हणावं तर ज्या एका गोष्टीसाठी त्याने हे सगळं केलं ती मीच काढून घेणार. ठेव म्हणावं तर एका पोराची सायकल एका खिडकीत वाया घालवणार. आणि तो इथे थांबला आहे कुणामुळे, हे आम्हा दोघांच्या मध्ये त्या सायकलसारखंच उभं होतं.

"लहान पडेल ती, दादा," मी शेवटी म्हणालो. मला एवढंच म्हणता आलं. मापाचं.

"हं," तो म्हणाला, आणि पान्हे आणायला उठला.

सायकल सुटी करून खोक्यात भरली. हँडल वेगळं, चाकं वेगळी. सीटची दांडी मात्र त्याने वरच्या भोकातच ठेवली आणि बोल्टवर चिकटपट्टी गुंडाळली, कुणी गावात उगाच खाली करू नये म्हणून. रिकाम्या जागेत एक शर्ट कोंबला. मी बघितलं, पाच वर्षांचा होता.

पुढच्या शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला. शेजारच्या काकांनी सायकल जोडून दिली होती. दादाने फोन टेबलावर टेकवला आणि आम्ही दोघं त्यासमोर बसलो. अंगण दिसत होतं, कडेला चिऱ्यांचा ढीग, आई पायरीवर. पोरगा सायकल दोन पायांच्या मध्ये धरून उभा होता. सीटवर बसलाच नव्हता, नुसता चालत होता.

"बस सीटवर!" दादा ओरडला. "अगो, त्याला सीटवर बसव. उभ्याने नाय जात ती."

"बस रे सोन्या. पप्पा सांगतात बघ."

तो बसला. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. मी त्याच्या टाचाच बघत होतो. पूर्ण टेकल्या. मग त्याने एक पाय मारला, दुसरा मारला, आणि चिऱ्यांच्या ढिगापाशी कलंडला. रडला नाही. सायकल उचलली. दुसऱ्या वेळी अंगणाच्या मध्यापर्यंत गेला.

"माग धर त्याला!" दादा म्हणाला. त्याचा उजवा हात टेबलावर मुठीसारखा मिटलेला होता. "अगो, धाव ना त्याच्या माग, पडेल तो!"

"नाय पडत," वहिनी म्हणाली. "सकाळपासून हेच चाललंय. धरलं तर ओरडतोय, सोड म्हणून."

आणि तेवढ्यात पोराने दोन्ही पाय वर घेतले. फार तर चार-पाच हात गेला असेल. पण गेला. आमच्याकडे त्याची पाठ होती. मग तो फोनच्या चौकटीतून बाहेर गेला, आणि आम्हाला फक्त रिकामं अंगण आणि टाळ्या वाजवणारी आई दिसत राहिली.

"काय पण सायकल शोधलीन हो भावजींनी!" आई पायरीवरून ओरडली. मी तिचा मुलगा असलो तरी वहिनीसमोर ती मला चिडवायला भावजी म्हणते.

फोन बंद झाल्यावर दादा माझ्याकडे वळला.

"ह्याला मागनं धरायला लागतच नाय?"

"नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"वाचलं होतं."

"सांगितलं नाहीस."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने कपाट आणि खिडकीच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघितलं, उठला, आणि तिथे आपली हत्यारांची पेटी सरकवून ठेवली.

दिवाळीला त्याला जाता आलं नाही. आता जानेवारी म्हणतात. तिकीट निघालेलं नाही.

मागच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. ह्या वेळी दादानेच चल म्हटलं. पायडलची सायकल बघायची होती. मी निघताना विचारलं, वहिनीकडून माप घ्यायचं का? तो म्हणाला, नको. त्याने घरूनच पाइपचा एक तुकडा कापून आणला होता, स्वतःच्या अंदाजाने. खिडकीतल्या पाचही तुकड्यांपेक्षा तो बराच लांब होता.

तो ओळीने सायकली बघत गेला. रंग बघितला नाही, टायर बघितली नाहीत. प्रत्येक सायकलच्या मागे जाऊन वाकून काहीतरी चाचपत होता. शेवटी एका निळ्या सायकलीपाशी थांबला. तिला मागे लहानसं कॅरियर होतं. त्याने ते मुठीत धरलं, ओढून बघितलं, हलतं का ते पाहिलं.

"हिला तरी मागनं धरायला लागेल ना रे?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"लागेल," मी म्हणालो.